भुरकीची रजई मिळेना

एक होतं मांजराचं पिल्लू. मुठीएवढं. नाव भुरकी. भुरकी झोपायची निमाच्या जाड रजईवर. दुसरीकडे? छे, नाव नको.

एका दुपारी बघते तर रजईच नाही. निमाच्या बाबांनी ती धुवायला टाकली होती. एकटी रजई मशीनमध्ये कोंबली, आणि स्वारी गेली चहा करायला. असे आपले बाबा.

भुरकी चटईवर लोळली. टोचलं. फरशीवर बसली. गार लागलं. डोळ्यांवर झोप, पण जिवाला चैन नाही. निघाली मशीनकडे, दुडुदुडु दुडुदुडु.

मशीन करत होती धडधड, धडधड, ठप्प.

"मशीनबाई, माझी रजई द्या."

"कशी देऊ? रजई प्यायली पाणी. एका बाजूला झाला गोळा. माझा जातो तोल. दुसऱ्या बाजूला जाडा टॉवेल येईल, तर मी फिरेन."

टॉवेल होता गॅलरीत, दोरीवर. भुरकी गेली, दुडुदुडु दुडुदुडु.

"टॉवेलदादा,
मशीन फिरेना,
रजई मिळेना,
मला झोप येईना."

"चिमटा सोडेल, तर मी येईन."

भुरकी गेली चिमट्याकडे, दुडुदुडु दुडुदुडु.

"चिमटेदादा,
टॉवेल येईना,
मशीन फिरेना,
रजई मिळेना,
मला झोप येईना."

"आत्ता सोडला तर उडून जाईल. वारा थांबेल, तर मी सोडेन."

भुरकी गेली वाऱ्याकडे, दुडुदुडु दुडुदुडु.

"वारेदादा,
चिमटा सोडेना,
टॉवेल येईना,
मशीन फिरेना,
रजई मिळेना,
मला झोप येईना."

"गॅलरीची खिडकी उघडी, मग मी येणारच. खिडकी मिटेल, तर मी थांबेन."

भुरकी गेली खिडकीकडे, दुडुदुडु दुडुदुडु.

"खिडकीताई,
वारा थांबेना,
चिमटा सोडेना,
टॉवेल येईना,
मशीन फिरेना,
रजई मिळेना,
मला झोप येईना."

"माझ्यात ठेवलीय उशी, उन्हाला. निमा उशी उचलेल, तर मी मिटेन."

निमा बसली होती कोपऱ्यात, गाल फुगवून. भुरकी कधी तिच्याजवळ बसायचीच नाही. आली की पळाली. निमाला फार वाईट वाटायचं.

"निमाताई,
खिडकी मिटेना,
वारा थांबेना,
चिमटा सोडेना,
टॉवेल येईना,
मशीन फिरेना,
रजई मिळेना,
मला झोप येईना."

निमा म्हणाली, "माझ्या मांडीवर बस. मी दहा म्हणेपर्यंत. मग उठते."

दहा? भुरकीच्या पायाला तर भिंगरी. बसली खरी, पण शेपूट वळवळ. कान फडफड. पंजा निघाला पळायला. भुरकीने तो पोटाखाली दाबून धरला.

एक, दोन, तीन... आणि दहा.

निमाने उशी उचलली. खिडकी मिटली, धाडकन. वारा थांबला, हुश्श. चिमटा सुटला, टक. टॉवेल पडला, थप्प. निमाने तो बाबांना नेऊन दिला. बाबांनी रजई सोडवून सारखी केली. इकडे रजई, तिकडे टॉवेल. मशीन फिरली, गरगर गरगर गरगर.

मग रजई गेली उन्हात. एकदा उताणी, एकदा पालथी. आत दमट राहिली की वास मारते ना. बाबांनी ती झटकली, फटफट फटफट. भुरकीच्या तोवर शंभर येरझाऱ्या.

रजई वाळली. टम्म फुगली. निमा रजईवर बसली. भुरकी चढली, दोन गिरक्या घेतल्या. निमाने तिला बोलावलं नाही. आकडेही म्हटले नाहीत. तरी भुरकी आपणहून तिच्या मांडीत शिरली आणि घुर्रघुर्र झोपली.

निमा मुळीच हलली नाही.

भुरकीची झोप भुरकीला, तुमची झोप तुम्हाला.