धुकेबाईला जागं करणारी हौसा

एक होती हौसा. ओताऱ्याची लेक. ओतारी म्हणजे कोण? तर कासं वितळवून साच्यात ओतायचं नि घंटा घडवायच्या, हे त्यांचं काम. वडील गेल्यावर आईनंच तिला सगळं शिकवलं.

एकदा काय झालं, दूरच्या थंड देशातून एक तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, आला. म्हणाला, आमच्या बंदरावर धुकेबाई येऊन बसलीय. एवढी थोरली, पांढरीफटक म्हातारी! बसल्या बसल्या झोपलीच. आमच्या होड्या समुद्रात अडकल्यात, त्यांना किनारा दिसत नाही. तिला जागं करील अशी घंटा कोण देईल?

हौसा टुणकन उठली. "आई, मी जाऊ?"

एकुलती लेक, परका मुलूख. आईनं तिचं गाठोडं बांधायला घेतलं. मग म्हणाली, "जा. रडू आलं तर रड. पण काम अर्धं टाकून येऊ नकोस."

मग हौसा गलबतात चढली. पाणी, पाणी, नुसतं पाणी! मग आभाळातून पिंजलेल्या कापसासारखा बर्फ पडायला लागला. हौसानं तो जिभेवर झेलला, बरं का!

तिथल्या राणीनं तिला भट्टी दिली. हौसानं पहिली घंटा ओतली. पण गारठ्यानं ती तडकली. लोक माना हलवत निघून गेले. हौसा रडली. मग शेजारच्या लोहारबाबांनी खुणेनं सांगितलं, साच्याला मेंढीची लोकर गुंडाळ.

दुसरी घंटा तडकली नाही. आता गंमत ऐका. हौसाच्या घरची रीत अशी, की रिकाम्या साच्यात हाक मारायची, मग घंटा तीच हाक मारते. हौसानं हाक मारली होती, ऊठ गं बाई! घंटा तसंच म्हणाली. धुकेबाईनं कूस बदलली नि घोरायला लागली. ती तिकडचीच ना! तिला आपली बोली कुठून कळणार?

मग हौसा तिकडची भाषा शिकायला बसली. कोणाकडे? पोरांकडे! त्यांचेच बाप समुद्रात अडकलेले. हौसा चुकली की पोरं खदखदा हसायची, मग तीही हसायची. हसता हसता बोलायला लागली.

तिसऱ्या साच्याभोवती सगळी पोरं गोळा केली. सगळ्यांनी मिळून तिकडच्या भाषेत हाक मारली, "आजी, ऊठ ना. आमचे बाबा यायचेत."

घंटा ओतली. टांगली. वाजवली. अख्खं बंदर दणाणलं! धुकेबाई दचकून उठली, लाजली, पदर गोळा केला नि लगालगा डोंगरापलीकडे गेली. खाली लख्ख ऊन! आणि उन्हात होड्या, होड्याच होड्या!

राणी म्हणाली, हौसा, इथंच राहा, घंटांचा मोठा कारखाना काढ. हौसा म्हणाली, "राहीन. पण माझ्या आईला आणायला गलबत धाडा."

आई आली. थंडीला नावं ठेवत ठेवत तिकडच्या मुलींना साचे शिकवून गेली. मग दर उन्हाळ्यात लेकीकडे जायला लागली. हौसाच्या घंटा देशोदेशी गेल्या. मायलेकी सुखात राहिल्या, होडीवाले सुखात राहिले, त्यांची पोरं बापाच्या कुशीत झोपली. तुम्हीही झोपा आता. पाय पांघरुणात घ्या बघू.