काढून टाकलं म्हणजे ठरलं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव विश्राम, आणि विश्राम सगळा डोक्यालाच. वय लग्नाचं झालं, पण मुलगी कोणी देईना. आई म्हणाली, "आधी नोकरी धर, मग ती टिकव. मग देईल कोणीतरी."

गावातल्या कमळामावशी लग्नं जुळवायच्या. हल्ली त्यांनी त्यासाठी वेबसाइट काढली होती. तिच्या नोंदी ठेवायला त्यांनी विश्रामला नोकरीवर घेतलं.

"चारच बटणं आहेत. नवी नोंद, पाहा, बदला, काढून टाका. माणूस आला की नवी नोंद करायची."

"बरं, मावशी."

मास्तरांचा सुहास आला. त्याचा फोन नंबर बदलला होता. पण माणूस आला ना? विश्रामने नवी नोंद केली. मुलीकडचे विचारायला लागले, "जुळे आहेत का हो?"

"अरे, मास्तरांच्या घरचं नाव आधीच आहे," मावशी म्हणाल्या. "जुन्यातच बदल करायचा."

"बरं, मावशी."

मग मास्तरांची सुनंदा नाव नोंदवायला आली. घर तेच. विश्रामने जुन्यातच बदल केला. सुहासच्या फोटोतल्या मिशांखाली आलं, 'चि. सौ. कां. सुनंदा, भरतकामाची आवड.'

"बाबा रे, आधी नीट पाहावं."

"बरं, मावशी."

वाण्यांच्या अलकाचं लग्न ठरलं. वाणी म्हणाले, "नाव काढ रे तिचं." विश्रामने आधी नीट पाहिलं. दिवे लागेपर्यंत पाहिलं. तेवढ्यात अलकाच्या होणाऱ्या सासऱ्यांदेखत तिला आणखी एक स्थळ सांगून आलं.

मावशींनी कपाळाला हात लावला. "पाहत काय बसलास? लग्न ठरलं की काढून टाकायचं. आता चुकलास तर नोकरी विसर."

विश्रामला आईचं बोलणं आठवलं. नोकरी गेली की मुलगी गेली. तो जेवतानाही पुटपुटायला लागला, लग्न ठरलं की काढून टाकायचं.

पुढे मावशींच्या अंगणात तुळशीचं लग्न लागलं. ऊस झाला, बोरं-आवळे झाले, अक्षता पडल्या. मावशी हात जोडून म्हणाल्या, "लागलं बाई तुळशीचं. विश्राम, आता सगळ्यांचीच ठरली म्हणून समज."

विश्राम समजला. आत जाऊन त्याने तालुक्यातले सगळे मुलगे आणि सगळ्या मुली काढून टाकल्या. स्वतःचं नावही त्यात होतं, ते तेवढं ठेवलं. त्याला कोण मुलगी देत होतं?

सकाळी मावशींनी वेबसाइट उघडली. एकच नवरदेव, विश्राम.

त्या म्हणाल्या, "ऊठ. तुला आजपासून काढून टाकलं."

विश्राम लाजला. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "मावशी, मुलगी कुठली?"

आईला आधी सांगावं म्हणून तो निघाला. वाटेत पेढे घेतले, गावभर वाटले. उरलेला एक आईच्या हातावर ठेवला.

"आई, ठरलं एकदाचं. मावशींनी काढून टाकलं मला."