स्वरज्ञान अपुरे

मिरजेच्या शमीमचे वडील तंबोरे बनवत. त्यांचे कान थकले, तशी जवारी काढायचं काम शमीमकडे आलं. म्हणजे तारांखालची घोडी घासत तंबोऱ्याचा झंकार खुलवायचा. हे सगळं कानावर चालतं. केसभर जास्त घासलं की तंबोरा मुका. गिऱ्हाइकांना मात्र हात वडिलांचाच वाटे.

यंदा तिनं विद्यापीठात संगीताच्या पदवीसाठी अर्ज केला. प्रवेश परीक्षेत विभागप्रमुख केळुसकर सरांनी तिचं आडनाव वाचलं, दोन मिनिटं यमन ऐकला आणि हात वर केला.

"तंबोरे बनवणं वेगळं, गाणं वेगळं. घरचा धंदा सांभाळ."

निकालपत्रावर शेरा आला, 'स्वरज्ञान अपुरे'. खाली सरांची सही.

पंधरा दिवसांनी सर स्वतः तंबोरा घेऊन दुकानात आले. मैफल तोंडावर आली होती आणि तंबोरा बोलत नव्हता.

"वडिलांना सांग, दरवर्षीसारखी जवारी काढा. असा कान अख्ख्या जिल्ह्यात नाही."

"अब्बांना सहा वर्षं नीट ऐकू येत नाही, सर. तुमच्या तंबोऱ्याची जवारी मीच काढते." शमीमनं निकालपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. "हा शेरा खरा असेल, तर तंबोरा माझ्या हाती देऊ नका. खोटा असेल, तर खोडा आणि त्या दिवशी कान कुणाचा अपुरा पडला तेही लिहा."

सरांच्या खिशाला पेन होतं. त्यांनी तंबोरा उचलला आणि ते निघून गेले.

मैफल त्यांनी मशीनच्या तंबोऱ्यावर उरकली. शेरा अजून तसाच आहे.