सुटकेच्या घरी पिठलं-भात

एका निर्दोष माणसाची एकदा तुरुंगातून सुटका झाली आणि सारे शहर आनंदले. तो माणूस मात्र आनंदला नाही. त्याची ही गोष्ट.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका राज्यात रेगेसर नावाचे एक वृद्ध अध्यापक राहत असत. तेथील विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर न्यायव्यवस्थेचा इतिहास शिकवला. ज्या न्यायालयांत कधीकाळी माणसांच्या खरेदी-विक्रीचे वाद चालत, त्याच न्यायालयांत पुढे त्या माणसांच्या नातवंडांना कशा शिक्षा झाल्या, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पत्नी निवर्तली होती आणि सर निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे आता फार कोणी येत नसे. येई ती शाल्मली, त्यांची शेवटच्या काही वर्षांतली विद्यार्थिनी. सांगलीहून कायदा शिकायला आलेली ही मुलगी पुढे तेथेच राहिली आणि निरपराध कैद्यांना सोडवणाऱ्या एका संस्थेत वकील झाली.

तिने सोडवलेला पहिला माणूस म्हणजे डेरिल.

डेरिल हा त्याच शहरातला एक कृष्णवर्णीय मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना एका दुकानदाराच्या खुनाबद्दल त्याला पकडण्यात आले. पुरावा म्हणजे एक साक्षीदार, त्यालाही पोलिसांनी पढवलेले. ज्युरीच्या पंचांनी दुपारच्या जेवणाआधी निकाल दिला. ज्या सरकारी वकिलाने ही शिक्षा मिळवली, तो त्या यशावर पुढची निवडणूक जिंकला, कारण त्या देशात सरकारी वकीलसुद्धा मते मागून निवडून येतात. डेरिल सव्वीस वर्षे आत राहिला.

शाल्मलीच्या संस्थेने खटला पुन्हा उघडण्याची खटपट केली, पण कोणी दाद देईना. तेव्हा ग्रेग नावाच्या एका निर्मात्याने या खटल्यावर पॉडकास्ट काढला. दर आठवड्याला एक भाग येई. लाखो लोक तो ऐकू लागले. कोणी सकाळी धावताना ऐके, कोणी भांडी घासताना. खरा खुनी कोण असेल यावर पैजा लागल्या. डेरिलच्या तरुणपणीच्या छायाचित्राचे टी-शर्ट निघाले. मग वर्तमानपत्रे जागी झाली, त्यांच्यामागून पुढारी जागे झाले, आणि अखेर न्यायालय जागे झाले. साक्षीदाराने खरे सांगितले. डेरिल सुटला.

सुटकेच्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभे राहायला जागा नव्हती. सुटकेला संमती देणाऱ्या नव्या सरकारी वकिलाने डेरिलला मिठी मारली आणि ती मिठी सर्व वाहिन्यांनी दाखवली. हा वकीलही निवडणुकीला उभा होता. लोक टाळ्या वाजवत होते, रडत होते, एकमेकांना आलिंगने देत होते. डेरिल मधोमध उभा होता. कोणी सांगितले, तर तो हात वर करी.

त्यानंतर तो बोलेनासा झाला.

थोरल्या बहिणीच्या, बर्निसच्या घरी तो राहू लागला. तिने त्याच्यासाठी खोली सजवली होती. तो पलंगाच्या कडेला बसून राही. दार उघडे असले तरी कोणी 'चल' म्हटल्याशिवाय बाहेर येत नसे. लोक भेटायला येत, केक आणत, फुगे आणत. तो आभार मानी आणि पुन्हा गप्प होई. जेवणही नावापुरते.

इकडे ग्रेगला शेवटचा भाग करायचा होता. "त्याच्या तोंडून फक्त दहा मिनिटं हवीत," तो शाल्मलीला म्हणाला. "घरी आल्यावर कसं वाटलं, एवढंच. लोकांनी दोन वर्षं या शेवटाची वाट पाहिली आहे. हा भाग गाजला, तर पुढच्या कैद्याच्या खटल्यालाही ऐकणारे मिळतील."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शाल्मलीने डेरिलला विचारले. तो म्हणाला, "हो, करू." पण ती समोर बसली की त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी ती सरांकडे आली.

"सर, तुम्ही एकदा त्याच्याशी बोलाल का? मला कळत नाहीये काय चुकतंय. सगळं जिंकलोय आम्ही, आणि तो आत होता त्यापेक्षाही जास्त आत गेल्यासारखा वाटतो."

सरांनी तिला बरेच प्रश्न विचारले, पण खटल्याविषयी एकही नाही. घरी कोण कोण होते, वडील आहेत का, आई कुठे असते.

"आई अकरा वर्षांपूर्वी गेली," शाल्मली म्हणाली. "तो आत असताना. अंत्यविधीला जायची परवानगी मिळाली नव्हती."

सर उठले. "उद्या दुपारी गाडी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सर स्वयंपाकघरात होते. एका पातेल्यात भात होता, दुसऱ्यात पिठलं रटरटत होते. फोडणीचा वास घरभर होता. शाल्मलीला क्षणभर सांगलीची आठवण झाली, आणि मग ती चपापली.

"सर, हे डेरिलकडे न्यायला?"

"हो."

"पण सर, तो सुटून आलाय. आपल्याकडे पिठलं-भात कुणाच्या घरी नेतात ते तुम्हाला मी सांगायचं का? वाटेत एखादं मिठाईचं दुकान बघू. निदान गोड काहीतरी नेऊ."

"झाकण नीट बसव," सर म्हणाले. "गाडीत सांडेल."

शाल्मलीने झाकण दाबून बसवले. सरांचे वय झाले, असे तिच्या मनात येऊन गेले.

बर्निसने दार उघडले. दिवाणखान्यात अजून फुगे होते. हवा गेल्याने ते खाली आले होते. सरांनी पातेली तिच्या हाती दिली. तिने एकावरचे झाकण उचलले, आत पाहिले आणि मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. सरांनी साधा काळा कोट घातला होता.

"आमच्याकडे कुणी गेलं की शेजारी असं झाकून जेवण आणतात," ती हळूच म्हणाली.

"आमच्याकडेही," सर म्हणाले. "त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. मी डेरिलला त्याच्या आईसाठी भेटायला आलो आहे. मला यायला फार उशीर झाला."

बर्निस तशीच उभी राहिली. "आई गेली तेव्हा माझ्या घरी इतकं जेवण आलं की ठेवायला जागा नव्हती," ती म्हणाली. "सगळी चर्चची मंडळी आली. त्याला त्या दिवशी तिकडे कुणी काय खायला घातलं, मी आजपर्यंत विचारलं नाही."

ती आत गेली आणि डेरिलला घेऊन आली. तो टेबलाशी बसला. शाल्मलीने सवयीने आपला फोन ध्वनिमुद्रणाला लावून टेबलावर ठेवला. त्याला डेरिलची कधीच ना नव्हती.

सरांनी हस्तांदोलन केले नाही, अभिनंदन केले नाही. खुर्ची ओढून ते त्याच्या शेजारी बसले.

"तुझी आई गेली, फार वाईट झालं," ते म्हणाले. "ती कशी होती?"

बर्निसने भातावर पिठलं वाढले. डेरिलने एक घास खाल्ला, मग दुसरा.

"तिखट आहे," तो म्हणाला.

"थोडं आहे."

"तिलाही तिखट आवडायचं." आणखी एक घास खाऊन तो थांबला. "तुरुंगातल्या पाद्र्याने मला बोलावून सांगितलं. म्हणाला, तुझी आई काल वारली, आपण प्रार्थना करू. आम्ही प्रार्थना केली. मग मला कामावर परत पाठवलं. मी धुलाईखात्यात होतो. दिवसभर चादरींच्या घड्या घातल्या. शेजारच्या माणसालासुद्धा सांगितलं नाही."

"का बरं?"

"तिथे रडलेलं बरं नसतं, प्रोफेसर. रडणारा माणूस सगळ्यांच्या नजरेत येतो. म्हटलं, बाहेर गेल्यावर रडू." त्याने चमचा खाली ठेवला. "आणि बाहेर आलो तर सगळे हसत होते. माझ्यासाठी इतके हसत होते की मला लाज वाटली. एवढ्या लोकांनी एवढं केलं, त्यांच्यापुढे तोंड पाडून कसं बसायचं?"

मग तो रडू लागला. पंचेचाळीस वर्षांचा तो उंचापुरा माणूस टेबलावर डोके टेकून रडत होता. बर्निसने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडू लागली. त्यांना थांबवायला कोणी गेले नाही. सर मान खाली घालून बसले होते. पुष्कळ वेळाने डेरिल आईविषयी बोलू लागला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, रविवारी चर्चमध्ये सर्वांपेक्षा वरच्या पट्टीत गाई, आणि दर भेटीला येताना नवे इस्त्रीचे कपडे घाली, म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायांनी आपल्या मुलाला कोणी नाही असे समजू नये.

सर उठले. निरोप घेतला नाही, 'येतो' म्हटले नाही. डेरिलच्या खांद्यावर हात ठेवून ते बाहेर पडले. शाल्मली फोन उचलून त्यांच्यामागे निघाली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "सर, मघाशी मी जे बोलले..."

"ते राहू दे. तू कामात होतीस. तुला तो सुटलेला दिसत होता, आणि तो सुटावा म्हणून तू झोप सोडली होतीस. पण त्याच्या घरी किती माणसं गेली आहेत ते बघ. आई गेली. एकोणीस वर्षांचा एक मुलगा गेला, तो आता परत यायचा नाही. त्याची बायको झाली असती ती, मुलं झाली असती ती, सगळी न येताच गेली. ज्या घरात एवढं सुतक आहे, तिथे आपण फुगे घेऊन गेलो."

"पण तो पॉडकास्ट नसता, तर तो सुटलाच नसता."

"सुटला नसता. ते तुझं पुण्य आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण गोष्ट ऐकणाऱ्याला शेवट गोड लागतो. शेवट गोड झाला की तो मोकळा होतो. ज्याच्यावर बेतलं, तो मोकळा होत नाही. मी या देशाचा इतिहास शिकवला तो असाच. एकेक अन्याय थांबत गेला, आणि थांबला की लोक म्हणायचे, न्याय झाला. घंटा वाजवायचे, पुतळे उभारायचे, पुढच्या कामाला लागायचे. ज्यांचं गेलं त्यांच्या दारी बसायला फार थोडे गेले. म्हणून इथलं दुःख जुनं होत नाही. आपल्या देशातही काही वेगळं नाही. अन्याय थांबवणं हे फार मोठं काम आहे, शाल्मली. पण थांबला म्हणजे भरून निघाला, असं नाही. जे भरून निघत नाही, त्याचा निदान शोक करावा. तेवढाही हक्क आपण त्याच्याकडून काढून घेतला होता."

शाल्मली गाडी चालवत राहिली. सरांच्या घरापाशी आल्यावर तिने विचारले, "सर, सगळं ध्वनिमुद्रित झालंय. त्याची परवानगी आहे. आणि हे ऐकून लोक हेलावतील. पुढच्या खटल्याला त्याचा खरंच उपयोग होईल. काय करू?"

"हे मला सांगता येणार नाही," सर म्हणाले. "दोन्हीकडे माणसंच आहेत."

ती घरी गेली. ग्रेगचे दोन निरोप येऊन पडले होते. तिने ध्वनिमुद्रण लावले. डेरिलचा हुंदका सुरू झाला त्या जागी तिने ते थांबवले. धावताना हा हुंदका कोणीतरी कानात घालून ऐकेल, असे तिच्या मनात आले. तिने ते सारे पुसून टाकले आणि ग्रेगला फोन केला.

"बोलला का?" त्याने विचारले.

"हो."

"अरे वा. काय बोलला?"

"आम्ही जेवलो. त्याच्या आईविषयी बोललो."

"ध्वनिमुद्रण पाठवतेस ना?"

"ते आता नाही," शाल्मली म्हणाली. "मी पुसलं. तू रागावशील, आणि तुझं रागावणं बरोबरही असेल."

शेवटचा भाग डेरिलच्या आवाजाशिवाय निघाला. श्रोत्यांची निराशा झाली. आपण एवढे केले त्या माणसाला आभाराचे दोन शब्दही बोलवेनात, असे काहींनी लिहिले. थोड्याच दिवसांत ते दुसऱ्या खुनाच्या गोष्टीकडे वळले. संस्थेत शाल्मलीला बोलणी खावी लागली, ती तिने खाल्ली. पुढच्या कैद्याचा खटला लांबला, आणि ते ओझे तिने कोणावर ढकलले नाही. डेरिल हसता-खेळता झाला, असेही नाही. पण तो स्वतःहून दार उघडून बाहेर येऊ लागला, आणि एका रविवारी बर्निसबरोबर आईच्या कबरीवर जाऊन आला.

पुढे बऱ्याच काळाने तो दुसरा कैदीही निर्दोष ठरला. निकाल ऐकताच कचेरीत जल्लोष झाला. उद्याच्या स्वागताला किती माणसे बोलवायची, कोणती वाहिनी येणार, याची बोलणी सुरू झाली. शाल्मली बाजूच्या खोलीत गेली. तेथे त्या माणसाचा भाऊ एकटाच बसला होता. ती त्याच्याशेजारी बसली आणि तिने हलक्या आवाजात विचारले, "तो आत असताना तुमच्या घरचं कोण कोण गेलं?"