मामा, पहिला आलो!

ही गोष्ट अगदी खरी आहे. खंडोबाच्या पायरीवर हात ठेवून सांगतो. शर्यतीच्या दिवशी मी स्वतः दीपमाळेला टेकून उभा होतो, सगळं या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. पण उभा होतो.

तर एका गावात एक भोळा मोतद्दार होता. नाव म्हाळू. घोडीला चारा घालायचा, खरारा करायचा, लीद काढायची, एवढं त्याचं काम. अंगानं रेडा, मनानं वासरू. सांगाल ते करायचा. सांगाल तेच करायचा. गोची तिथंच होती.

घोडी त्याच्या मामाची, केरबाची. तिचं नाव हरणी. पळायला लागली की वारा मागं राहायचा. पण एक खोड होती. मऊ माती दिसली की आडवी व्हायची आणि चारी पाय आभाळाकडं करून लोळायची. पाठीवर कोण बसलंय याची चौकशी ती करत नसे.

गावाच्या दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. चंपाषष्ठीला दोघींची मिळून खंडोबाची जत्रा, आणि जत्रेत घोड्यांची शर्यत. शर्यत झाली की रोडगे आणि वांग्याचं भरीत. भरताला फोडणी पडायची गुऱ्हाळातल्या काहिलीत. काहील एवढी मोठी, की घासायला माणसाला आत उतरावं लागे. तळाला करपलेली खरवड बोटभर. ती कुणी घासायची, हे शर्यत ठरवायची. हरलेल्या वाडीतल्या कुणीतरी भांड्याला आधी हात लावायचा. ज्या वाडीचा हात आधी लागला, तिनं सगळी भांडी घासायची. देवाची रीत. तिच्यात फेरफार नाही.

खालची वाडी, म्हणजे आमची, दर वर्षी हरायची. आमच्या बापजाद्यांचे हात चंपाषष्ठीला काळे व्हायचे, ते संक्रांतीचा तिळगूळ घेताना जरा उजळायचे.

त्या वर्षी केरबामामा चावडीवर उभा राहिला आणि मिशीला पीळ देऊन म्हणाला, "यंदा भांडी वरची वाडी घासणार. आपल्यावर आली तर मी एकटा घासीन, जा!"

खालच्या वाडीनं टाळ्या वाजवल्या. आता कसंही झालं तरी बाकीच्यांचे हात स्वच्छ राहणार होते. त्या टाळ्यांच्या नादात मामा चावडीची पायरी चुकला आणि पाय मोडून बसला. वैदूनं फळ्या बांधल्या.

आता हरणीवर बसणार कोण? तिच्या पाठीवर टिकणारा गडी एकच. मागं एकदा मामानं म्हाळूला हरणीवर बसवलं होतं आणि सांगितलं होतं, "मी उतर म्हणेपर्यंत उतरायचं नाही." मग मामा बाजाराला गेला, तिथून साडूकडं गेला, साडूनं मुक्काम करवला. परत येऊन बघतो तर म्हाळू हरणीवरच. जेवला हरणीवर, निजला हरणीवर. मामी खालून भाकरी फेकत होती.

"हाच बसेल," मामा म्हणाला. मामीनं कपाळाला हात लावला.

शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी म्हाळू हरणीच्या मागून गेला. हरणीनं अशी लाथ मारली, की म्हाळू उकिरड्यात बसलेला सापडला.

"अरे बैला," मामा बाजेवरून ओरडला, "मागून कशाला गेलास? नेहमी पुढून जावं. हो राजा हो म्हणावं, मानेवर थोपटावं, तोंडात गुळाचा खडा द्यावा."

"चुकलं मामा. आता ध्यानात ठेवतो."

म्हाळूनं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी देवळाचे गुरव वाटेनं चालले होते. गुरव म्हणजे साधी असामी नव्हे. देवाची पूजा त्यांची आणि शर्यतीचा निवाडाही त्यांचाच. म्हाळूला त्यांची पाठ दिसली. तो मोठा वळसा घालून त्यांच्या पुढून आला, "हो राजा हो!" म्हणाला, त्यांच्या मानेवर दोन दणके घातले आणि तोंडात गुळाचा खडा कोंबला. गुरवांची कवळी निघून गुळाला चिकटली.

मामा म्हणाला, "अरे बैला, मोठं माणूस दिसलं की वाटेतून बाजूला व्हावं. वाकून रामराम करावा. तुम्ही व्हा पुढं, म्हणावं."

"चुकलं मामा. आता ध्यानात ठेवतो."

म्हाळूनं ध्यानात ठेवलं. तिसऱ्या दिवशी माळावर सरावाची दौड होती. वरच्या वाडीचा स्वार सावळाराम वयानं मोठा, पोटानं त्याहून मोठा. हरणी सगळ्यांच्या पुढं होती. मागून सावळारामाचा घोडा फुरफुरताना ऐकू आला. म्हाळूनं हरणीला बाजूला घेतलं, खाली उतरला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "रामराम काका. तुम्ही व्हा पुढं."

सावळाराम झाला पुढं. हसता हसता घोड्यावरून पडायचाच राहिला.

मामाला बाजेवर उठताही येईना आणि बसताही येईना. "अरे बैला! शर्यतीत कुणालाही पुढं जाऊ द्यायचं नसतं! कुणी पुढं दिसलं की टाच मारायची, त्याला गाठायचं आणि त्याच्या आधी पोचायचं!"

"चुकलं मामा. आता ध्यानात ठेवतो."

म्हाळूनं ध्यानात ठेवलं. चौथ्या दिवशी तो हरणीला फिरवून आणत होता. पुढं बरीच माणसं चालली होती. सोनारांचा म्हातारा वारला होता, त्याची तिरडी नदीकडं निघाली होती. म्हाळूला एवढंच दिसलं, की कुणीतरी पुढं आहे. त्यानं टाच मारली. हरणी उधळली. मडकं धरलेला मुलगा बांधावर, खांदेकरी बाभळीत. म्हाळू मसणवटीत पोचला, वळला आणि दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "पहिला आलो!"

संध्याकाळी सोनार मंडळी मामाकडं येऊन बरंच काही बोलून गेली. ते इथं लिहिता येत नाही.

"अरे बैला," मामा रडवेल्या आवाजात म्हणाला, "तिथं पहिलं जायची घाई कुणाला असते? कुणी मेलेलं दिसलं की घोड्यावरून उतरावं. टोपी काढावी. मुकाट्यानं खांदा द्यावा."

"चुकलं मामा. आता ध्यानात ठेवतो."

"आणि शर्यतीत?"

"कुणाला पुढं जाऊ द्यायचं नाही."

"हां. आता खंडोबाच बघून घेईल."

जत्रेचा दिवस उजाडला. मामाला बाजेसकट उचलून, शर्यत सुटते आणि संपते त्या रेषेजवळ ठेवलं. गुरव नवी कवळी बसवून, झेंडा घेऊन उभे राहिले. झेंडा पडला, घोडी सुटली. ओढ्यापर्यंत हरणी पहिली. वडापर्यंत पहिली. देवळाच्या वळणावर तर मागचे घोडे धुळीत दिसेनासे झाले.

पण देवळापुढं सकाळपासून भंडारा उधळला होता. पिवळी, मऊ, घोटा बुडेल अशी हळद. हरणीनं ती बघितली आणि तिला शर्यतीचा विसर पडला. तिनं बसकण मारली, म्हाळूला एका अंगाला सांडलं आणि चारी पाय आभाळाकडं करून पडली. सगळं अंग पिवळंधमक. डोळे मिटलेले. सुखानं.

म्हाळूनं तिच्याकडं पाहिलं. पाय ताठ. अंगावर भंडारा.

"गेली," म्हाळू म्हणाला.

तो घोड्यावरून आधीच उतरलेला होता. त्यानं टोपी काढली. मग हरणीच्या पोटाखाली मान घातली आणि मुकाट्यानं खांदा दिला.

म्हाळू घोडी खांद्यावर घेऊन चालू लागला. हरणीला ते आवडलं असावं. ती हलली नाही. तेवढ्यात मागून सावळाराम आणि बाकीचे स्वार भरधाव आले. बघतात तर पुढं मयत. आता वरच्या वाडीची माणसं काही झालं तरी रीतभात पाळणारी. सगळे घोड्यावरून उतरले. पागोटी काढली. मान खाली घालून मागून चालू लागले. सावळारामानं डोळे पुसले. "गुणी घोडी होती हो," म्हणाला.

अशी ती यात्रा रेषेपर्यंत आली. म्हाळूनं रेषा ओलांडली आणि हरणी मोठ्यानं खिंकाळली.

एकच गलका झाला. सावळारामानं पागोटं जमिनीवर आपटलं. "ही लबाडी आहे! स्वार खाली, घोडी वर!"

गुरवांनी डोकं खाजवलं. "स्वार आणि घोडी मिळून आधी आली का? आली. कोण वर, कोण खाली, हे देवाच्या रीतीत सांगितलेलं नाही. खालची वाडी जिंकली!"

बक्षीस म्हणजे वर असलेल्याला फेटा आणि खाली असलेल्याला तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची हरभऱ्यांची पिशवी. गुरव रीतीचे पक्के. हरणीला फेटा बांधला आणि म्हाळूच्या तोंडाला तोबरा. म्हाळूनं हरभरे खायला सुरुवात केली.

मामानं त्याला बाजेवरूनच मिठी मारली. "शाबास रे माझ्या वाघा! कुणाला पुढं जाऊ दिलं नाहीस! असंच करायचं, जन्मभर असंच करायचं!"

"ध्यानात ठेवतो मामा," म्हाळू तोबऱ्यातून म्हणाला.

जेवणं झाली. खालच्या वाडीनं पहिल्यांदाच पोटभर ढेकर दिला. वरच्या वाडीची माणसं तोंडं पाडून उठली, बाह्या सावरल्या आणि राख घेऊन काहिलीकडं निघाली. सावळाराम सगळ्यांत पुढं.

म्हाळूनं मान वर केली. कुणीतरी पुढं चाललं होतं.

"म्हाळ्या, नको!" मामा किंचाळला.

म्हाळूनं स्वतःलाच टाच मारली. पंगतीवरून उडी, चुलाणावरून उडी, सावळारामाच्या बगलेखालून सूर, आणि धप्पकन काहिलीत!

गुरव म्हणाले, "लागला हात."

"अहो गुरव!" मामा बाजेवरून हात जोडून म्हणाला, "तो माणूस कुठाय? तुम्हीच त्याला तोबरा बांधलात. घोड्याचा हात कसा धरता?"

"बरं," गुरव शांतपणे म्हणाले, "म्हाळू घोडा. मग शर्यतीत स्वार कोण होता रे केरबा? स्वारच नसेल तर जिंकलात कसे?"

मामानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गुरवांनी कनवटीचा गुळाचा खडा काढून त्यात घातला. मानेवर थोपटलं. "हो राजा हो," म्हणाले.

मग खालच्या वाडीनंच मामाला बाजेवरून उचलून काहिलीत उतरवलं. फळ्या बांधलेला पाय तेवढा बाहेर राहिला. आत म्हाळू खरवडीत बसला होता, हरभरे चघळत.

"मामा," तो म्हणाला, "पहिला आलो ना?"

आता यातलं खोटं कोणतं, तेही सांगून टाकतो. घोडी खांद्यावर घेतली ते खरं, तिरडीशी लावलेली शर्यत खरी, कवळी तर देवळात अजून आहे. फक्त 'खालची वाडी जिंकली' एवढं वाक्य मी पदरचं घातलं. आमची वाडी अजून एकदाही जिंकलेली नाही. विश्वास नसेल, तर माझे हात बघा.