शिसवी मूठ

"...एवढं एकच वाक्य, उस्ताद. ही तीच गाडी आहे, एवढंच आप्पांना सांगायचं. सांगाल ना?"

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. पत्र्याच्या डब्यातल्या रॉकेलमध्ये ते एक नट धूत होते. धुऊन झाला, उजेडात धरून बघितला, आणि पुन्हा डब्यात टाकला.

अभिनंदन मगदूम उभाच होता. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतल्या या गॅरेजात सहा वर्षं त्याला आल्या आल्या स्टूल मिळायचं. आज उस्तादांनी स्टुलाकडे बोटसुद्धा दाखवलं नव्हतं.

दारात त्याची गाडी उभी होती. दोन सिटांची, बिनटपाची, निळीशार. स्पोर्ट्स कार म्हणावी तर अशी. सिग्नलला थांबली की लोक मोबाइल काढायचे. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींत तिचं नाव निघालं की भलेभले खुर्ची पुढे ओढून ऐकायचे, आणि अभिनंदनला ते पक्कं ठाऊक होतं. नाकावर माशी बसू द्यायचा नाही गडी.

आणि तोच गडी आज गयावया करत होता.

"काय म्हनले आप्पा?" उस्तादांनी विचारलं.

"आत्ताच सांगितलं की."

"परत सांग."

आप्पा म्हणजे भूपाल मगदूम, अभिनंदनचे वडील. फौंड्रीवाले. चाळीस वर्षं ही गाडी त्यांनी चालवली. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं नजर जायला लागली तेव्हा किल्ली लेकाच्या हातात ठेवली. आता तर समोर कोण उभं आहे तेही दिसत नाही. गाडी तेव्हापासून फॅक्टरीच्या शेडमध्ये, कारण तिचं काही ना काही काम निघालेलंच. आप्पा मधूनच विचारायचे, "गाडी बरी आहे का रे?" हा म्हणायचा, "एकदम टकाटक."

गेल्या रविवारी सगळं काम पुरं झालं, म्हणून यानं ती पहिल्यांदा घरी नेली. बापाला हाताला धरून शेजारच्या सीटवर बसवलं.

"दारावरून हात फिरवला त्यांनी," अभिनंदन म्हणाला. "सीट चाचपली. मग विचारलं, कुणाची गाडी ही? म्हटलं, आप्पा, आपलीच. सुरू करून दाखवली. ऐकत राहिले नुसते... मग त्यांचा हात गिअरवर गेला. मूठ हाताला लागली आणि ती धरूनच बसले. मला वाटलं, ओळखली."

"मग?"

"म्हणाले, गाडी विकलीस. आणि एवढी मूठ तेवढी काढून ठेवलीस, आंधळ्याला गंडवायला."

उस्तादांचा हात डब्यात तसाच राहिला.

"आज पाच दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत. मी ताट नेलं की तोंड फिरवतात. बायकोनं नेलं तर जेवतात... उस्ताद, मी विकेन ती गाडी? किती जण मागे लागले. आप्पांची म्हणून मी..."

"कागद हाईत न्हवं?"

"आहेत. नंबर तोच, नाव तेच. पण त्यांना दाखवून काय उपयोग? तुमचा शब्द मानतील ते. चाळीस वर्षं तुमच्याशिवाय कुणाला बॉनेट उघडू दिलं नाही त्यांनी."

"ते खरं हाय."

उस्ताद उठले. अठ्ठ्याहत्तरीचे गुडघे कटाकटा वाजले. ते दारातल्या गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर टिचकी मारली.

"हे?"

"फायबरचं. जुना पत्रा फार जड होता."

"इंजान?"

"जपानी. तुम्हीच बसवलंत की. जुन्यात दम कुठं राहिला होता?"

"गिअरबॉक्स."

"नव्या इंजिनाला जुना कसा चालेल?"

"सांगाडा?"

"तळाला गंज होता, उस्ताद. एवढ्या ताकदीला टिकला नसता तो."

सिटांवरून, मीटरवरून, स्टेअरिंगवरून उस्तादांची बोटं फिरत राहिली, आणि बोट जिथं थांबेल तिथलं कारण अभिनंदन सांगत राहिला. जुनी सीट पाठ धरायची. जुना मीटर वीस पुढं दाखवायचा. एकही कारण खोटं नव्हतं. एक पार्ट बदलला की शेजारचा लगेच जुनाट दिसायला लागतो, मग तोही बदलावा लागतो. ज्याला गाडीचं वेड आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी बोट गिअरच्या मुठीवर आलं.

काळी शिसवी मूठ. मूळची फुटली तेव्हा आप्पांनी स्वतः लेथवर कातून बसवलेली. एका अंगाला अंगठ्यानं झिजून खळगा पडला होता. या निळ्या गाडीत मात्र तो खळगा जरा तिरका, बाहेरच्या बाजूला बसायचा. नव्या दांडीच्या आट्यांचा दोष असेल, असं अभिनंदनला वाटायचं.

"ही?"

"ही तीच," अभिनंदन म्हणाला. "हिला मी हात लावला नाही."

"बाकीचं?"

अभिनंदनच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हळूहळू बदललं ना, उस्ताद. एका दिवसात थोडंच? आणि जे केलं ते तुमच्याच हातानं केलं. तेव्हा एका शब्दानं बोलला नाहीत, आणि आज उलटतपासणी घेताय? सरळ सांगा, येणार की नाही?"

मग उस्तादांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि झटकलं.

"डोळं मीट."

"काय?"

"दोन मिंटं आप्पा हो."

आणि त्यांनी ते फडकं अभिनंदनच्या डोळ्यांवर आवळून बांधलं. ऑइलच्या वासानं त्याला मळमळलं. तरी तो गप्प राहिला. गरज त्याची होती.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. कामाच्या टेबलाला वळसा घालून, एक उंबरा ओलांडून, कुठल्या तरी गार जागी नेलं. गोणपाटाचा वास येत होता. सहा वर्षांत गॅरेजच्या मागच्या खोलीत आपण कधी गेलोच नाही, हे अभिनंदनच्या आत्ता ध्यानात आलं.

"वाक. बस."

तो बसला, आणि अंदाजापेक्षा खाली जाऊन टेकला. कुल्ल्याखाली स्प्रिंग कुरकुरली. डावीकडे हात गेला तर दाराचा काठ लागला, गार पत्र्याचा.

पलीकडे कुणीतरी बसल्याचं जाणवलं. मग एक्सलेटरवर पायानं दिलेले दोन दाब ऐकू आले. एक लांब, एक तोकडा.

किल्लीआधी असे दोन दाब द्यायची खोड एकाच माणसाची होती.

किल्ली फिरली. इंजिन दोनदा खोकलं... गप्प झालं... आणि मग धरलं.

त्याच्या गुडघ्यासमोर काहीतरी टर्रर्र वाजायला लागलं. समोरच्या खणाचं सैल झाकण. शाळेत जाताना तो ते तळहातानं दाबून धरायचा, आणि आप्पा म्हणायचे, राहू दे, वाजू दे तिला. गाडी हातात आल्यावर त्यानं सगळ्यात आधी काढून टाकलं ते हेच.

"आप्पा," तो म्हणाला.

आपण बोललो हेही त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी फडकं ओरबाडून काढलं.

समोर हस्तिदंती रंगाचं बॉनेट होतं. डाव्या अंगाला पोचा. दहा वर्षांचा असताना त्यानंच बॅट मारून पाडलेला.

बॉनेट थरथरत होतं का आपणच, त्याला समजेना. त्यानं खाली बघितलं. उसवलेली लाल सीट. ही त्यानं चार वर्षांपूर्वी गल्लीत फेकली होती. वीस पुढं दाखवणारा मीटर, तडकलेलं स्टेअरिंग. पायाखालच्या तळाला नव्या पत्र्याची ठिगळं, हातानं ठोकून बसवलेली. वळून बघितलं तर मधल्या दारातून पलीकडे निळी गाडी दिसत होती. ती तिथं आणि ही इथं. तो दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिला.

उस्तादांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"ही... ही कुठून आली?"

"तूच दिलीस. थोडी थोडी करून. म्हनायचास, भंगारात घाला."

"मग घातली का नाही?"

"दोनदा घिऊन गेल्तो भंगारवाल्याकडं. हातातनं सुटंना."

"सहा वर्षं, उस्ताद... सहा वर्षं मला पत्ता लागू दिला नाहीत."

"आता काय बसवू, ते तू दर महिन्याला इचारायचास," उस्ताद म्हणाले. "काढल्यालं कुठं जातंय, ते कवा इचारलं न्हाईस."

अभिनंदनला संताप आला, पण तो कुणावर काढावा तेच त्याला कळेना. आप्पा चुकले नव्हते. गाडी विकली असती तर निदान कुणाच्या तरी दारात उभी राहिली असती. यानं ती तुकड्या-तुकड्यानं भंगारात काढली, आणि वर दर वेळी घरी जाऊन टकाटक म्हणून सांगितलं. पाच दिवस तो मनातून आप्पांवर रुसला होता. आता त्याला त्याची शरम वाटली, इतकी की उस्तादांकडे बघवेना.

"रस्त्यावर चालते?" त्यानं हळूच विचारलं.

"चालती. पर एक जिन्नस कमी हाय."

उस्तादांनी दोघांच्या मधे बोट दाखवलं. गिअरची लोखंडी दांडी बोडकी उभी होती. टोकाला नुसते आटे.

मग अभिनंदन उतरला. निळ्या गाडीपाशी गेला, वाकला, आणि मूठ फिरवायला लागला. मूठ हलेना. ढिली होऊ नये म्हणून त्यानंच आट्यांना डिंक लावला होता. तळहात सोलवटला तेव्हा कुठं ती सुटली.

परत येऊन त्यानं ती जुन्या दांडीवर चढवली. शेवटच्या आट्याला ती आपोआप थांबली. खळगा बरोबर चालवणाऱ्याच्या अंगठ्याकडे आला होता.

अभिनंदननं त्यात अंगठा ठेवून बघितला आणि पटकन काढून घेतला.

"आता तुम्ही चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा त्यांना. मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मी कशाला? फाटकातनं आत घे. इंजान बंद करू नगंस. त्यास्नी हाकबी मारू नगंस."

"आणि बाहेर आलेच नाहीत तर?"

उस्तादांनी मागचं शटर वर ढकललं, आणि दुपारचं ऊन हस्तिदंती बॉनेटवर पडलं.

अभिनंदन बसला. एक लांब दाब, एक तोकडा. त्याला वाटलं होतं आपल्याला जमणार नाही, पण पायाला सगळं पाठ होतं. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. गॅरेजला वळसा घालून तो पुढच्या गल्लीत आला.

दारात निळी गाडी उभी होती. बिनटपाची, म्हणून आतलं सगळं दिसत होतं. नव्या सिटा, नवा मीटर, आणि मधोमध ती बोडकी दांडी. सहा वर्षं रात्रंदिवस जिच्या मागे घातली, ती गाडी त्याला रस्त्यात कुणीतरी लावून गेल्यासारखी परकी दिसली. त्यानं ब्रेक दाबला.

उस्ताद पुन्हा रॉकेलच्या डब्यापाशी बसले होते.

"उस्ताद..." खणाचं झाकण वाजत होतं, त्यावरून त्याला आवाज चढवावा लागला. "या निळीच्या दांडीवर आता काय बसवू?"

उस्तादांनी डब्यातून तो नट काढला आणि उजेडात धरला.

"काय बी बसव," ते म्हणाले. "फकस्त तू बसलायस तिच्यातली चाळीस वर्सं परत काढू नगंस."