बुडालेल्या कारखान्याचा प्रथमोपचार

निरगुडे वकीलबाईंचं कामच मुळी डबघाईला आलेल्या कंपन्या सावरण्याचं. एकदा कुकरच्या शिट्ट्यांचा कारखाना त्यांच्याकडे आला. साठ बायकांची पोटं त्यावर चालत होती.

कोर्टात बँकेचे नामांकित वकील सरंजामे ऐटीत म्हणाले, “कारखाना पार बुडालाय, साहेब. यंत्रं विकून बँकेचे पैसे द्या, म्हणजे विषय संपला.”

मागे बसलेल्या बायकांचे चेहरे उतरले. न्यायाधीशांनी बाईंकडे पाहिलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “बुडाला खरा, पण धुगधुगी आहे अजून. सरंजामेसाहेब, बुडालेल्याला काठावर आणल्यावर आधी पोटातलं पाणी काढतात, की अंगावरचे कपडे?”

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. त्यांनी विक्री थांबवली, फेडीला दोन वर्षं दिली, आणि सोमवारी साठही जणी डबे घेऊन कामावर हजर.